टीएसएच वाढलाय, पण थायरॉईड कमी आहे का? तपासणी आणि निदान (नाशिक)

लॅबबेंच

इथे दर आठवड्याला तोच प्रश्न येतो: "टीएसएच ५.९ आलाय, थायरॉक्सिनची २५ मायक्रोग्रामची गोळी घ्यायची की ५०ची?" उत्तर असं की अजून कुठलीच नाही, कारण निदानच झालेलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू. आपल्याकडे सरसकट "थायरॉईड वाढलाय" म्हणतात. वाढलेला असतो टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन. तो गळ्यातल्या ग्रंथीचा नाहीच, मेंदूखालच्या पिट्युटरीचा आहे. ग्रंथी मंद झाली की पिट्युटरी तिला जोरात हाका मारते, त्या हाका म्हणजे टीएसएच. म्हणजे आकडा वर गेला तर थायरॉईड कमी असण्याची शक्यता. हे उलटं गणित डोक्यात बसलं नाही की पुढे सगळंच चुकतं. काउंटरवर "थायरॉईड वाढलाय" एवढंच सांगितलं, तर ऐकणाऱ्याला नेमका उलटा आजार वाटू शकतो.

काउंटरवर "थायरॉईड करा" म्हटलं की बहुतेक ठिकाणी टी३, टी४ (ग्रंथीचे स्वतःचे दोन हार्मोन; टी४ म्हणजेच थायरॉक्सिन, गोळीतही तेच असतं) आणि टीएसएच असं प्रोफाइल लावतात. त्यातले टी३ आणि टी४ हे 'टोटल' असतात. आपल्याला हवेत टीएसएच आणि फ्री टी४. रक्तातला जवळजवळ सगळा टी४ प्रथिनांना चिकटलेला असतो, मोकळा असतो तो ०.१ टक्क्याहूनही कमी, आणि काम करतो तो मोकळाच. गरोदरपणात किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांवर ही प्रथिनं वाढतात, टोटल टी४ फुगलेला दिसतो आणि खरी कमतरता झाकली जाते. चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या: टीएसएच, फ्री टी४.

रक्त कधी द्यायचं? टीएसएच मध्यरात्रीनंतर सर्वांत वर असतो, दुपारी सर्वांत खाली. सकाळी ८ला दिलेलं रक्त आणि दुपारी ३ला दिलेलं रक्त यांत सीमारेषेवरच्या माणसाचा निकाल सहज इकडचा तिकडे होतो. सकाळी ७ ते ९ ही वेळ ठरवा आणि पुढची प्रत्येक तपासणी त्याच वेळेला, त्याच लॅबमध्ये करा. उपाशीपोटी असण्याची सक्ती नाही, पण खाल्ल्यावर टीएसएच थोडा उतरतो. एकदा उपाशी दिलं तर दर वेळी उपाशीच द्या. पाणी चालतं.

गोळी आधीच चालू असेल तर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या. गोळीनंतर २ ते ४ तास फ्री टी४ वर चढलेला असतो, तो आकडा फसवतो.

फार्मसीवाली

सरांनी एक मोठी गोष्ट राहू दिली, ती मी घालते. बायोटिन.

केस गळतात म्हणून बायका-पुरुष सगळेच 'हेअर-स्किन-नेल'च्या गोळ्या घेतात. त्यात ५,००० ते १०,००० मायक्रोग्राम बायोटिन असतं. रोजची गरज ३० मायक्रोग्रामच्या आसपास. केस गळणं हे कमी थायरॉईडचंही लक्षण आहे, म्हणजे ज्यांनी तपासणी करायला हवी नेमके तेच लोक ही गोळी घेत असतात!

घोळ मशीनमध्ये होतो. अनेक मशीनच्या किटमध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन यांची पकड वापरून हार्मोन धरतात. रक्तात बायोटिन जास्त असलं की ते मध्ये घुसून ती पकड अडवतं. टीएसएच खोटा कमी येतो, फ्री टी४ आणि टी३ खोटे जास्त येतात. खरोखर मंद थायरॉईड असलेल्याचा रिपोर्ट त्यामुळे चक्क नॉर्मल दिसू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७मध्ये यावर जाहीर इशारा दिला होता.

उपाय साधा: रक्त देण्याआधी किमान २ दिवस ती गोळी बंद. डोस खूप मोठा असेल, काही मेंदूच्या आजारांत दिवसाला १०० मिलिग्रामच्या वरही देतात, तर डॉक्टरांना आणि लॅबला आधी सांगा, तिथे २ दिवस पुरत नाहीत.

आकडे हलवणारी आणखी औषधं आहेत. अ‍ॅसिडिटीच्या ज्या कॅप्सूलमध्ये डोमपेरिडोन जोडलेलं असतं, त्याने टीएसएच वर सरकू शकतो. स्टेरॉइडने खाली जातो. फिट्सच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनने टी४ कमी दिसतो. लिथियम आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अ‍ॅमिओडॅरोन तर ग्रंथीच मंद करू शकतात. अ‍ॅमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रामच्या एका गोळीत साधारण ७५ मिलिग्राम आयोडीन असतं, शरीराची रोजची गरज ०.१५ मिलिग्राम. यावर असलेल्यांनी लक्षणं असोत-नसोत, सुरुवातीला आणि मग दर ६ महिन्यांनी टीएसएच बघायचाच.

मखमलाबादकर

दोघांनाही धन्यवाद. आता रिपोर्ट हातात आला. टीएसएचपुढे चांदणी (आकडा रेंजबाहेर असल्याची खूण), बाकी सगळं रेंजमध्ये. वाचायचं कसं? आणि फ्री टी३ पण करावा का?

ओपीडी_पंचवटी

फ्री टी३ नको. ग्रंथी मंद होत असताना शरीर टी३ शेवटपर्यंत टिकवून धरतं, म्हणून तो नॉर्मल आला तरी काही सिद्ध होत नाही. तो अतिथायरॉईडसाठी कामाचा आहे. 'रिव्हर्स टी३'वर (टी३चं निष्क्रिय रूप) तर पैसे घालूच नका.

वाचन असं. प्रौढांत टीएसएचची रेंज साधारण ०.४ ते ४.५ आणि फ्री टी४ची ०.८ ते १.८ (नॅनोग्राम प्रति डेसिलिटर), पण तुमच्या कागदावर छापलेली रेंज धरायची, कारण मशीनप्रमाणे ती बदलते.

टीएसएच ३८, फ्री टी४ ०.५: ग्रंथी कमी काम करतेय, उघड कमतरता. यात वाद नाही. अजून एकदा तपासून खात्री करायला हरकत नाही, पण महिनोन्‌महिने थांबायचंही नाही.

टीएसएच ६.८, फ्री टी४ १.१: याला सबक्लिनिकल म्हणतात. पिट्युटरी जोर लावतेय आणि ग्रंथी अजून पुरवठा करतेय. नाशिकमधले निम्मे वाद या एका ओळीवर चालतात.

टीएसएच २.१, फ्री टी४ ०.५: इथे चांदणी फक्त टी४पुढे असते आणि "टीएसएच नॉर्मल आहे ना" म्हणून कागद बाजूला पडतो. हा सर्वांत जास्त चुकणारा रिपोर्ट. खाली सविस्तर लिहितो.

टीएसएच इतका का उड्या मारतो, तेही सांगतो. फ्री टी४ निम्म्यावर आला तर टीएसएच साधारण शंभरपट चढतो. म्हणून ग्रंथी थोडी जरी ढेपाळली तरी टीएसएच आधी बोलतो. हीच त्याची ताकद, आणि हीच अडचण: झोप, आजारपण, वेळ, औषध, कशानेही तो ४ चा ६ होतो.

मखमलाबादकर

मग ६.८वाल्याने करायचं काय? गोळी की थांबायचं?

ओपीडी_पंचवटी

पहिलं काम, २ ते ३ महिन्यांनी पुन्हा टीएसएच, फ्री टी४ आणि सोबत एकदा अँटी-टीपीओ. ७च्या खालचे बरेच आकडे दुसऱ्या वेळी आपोआप रेंजमध्ये आलेले असतात. नुकताच डेंग्यू, न्यूमोनिया किंवा ऑपरेशन झालं असेल तर बरं होतानाच्या काळात टीएसएच थोडे दिवस चढतो, कधी २०पर्यंतही. दवाखान्यात अ‍ॅडमिट असताना पॅकेजमधून निघालेला थायरॉईड रिपोर्ट म्हणूनच फारसा भरवशाचा नाही. घरी येऊन ६ आठवडे गेल्यावर पुन्हा करा.

अँटी-टीपीओ म्हणजे स्वतःच्याच ग्रंथीवर उठलेल्या अँटिबॉडी. हाशिमोटो आजारात ९० टक्क्यांच्या वर लोकांत त्या सापडतात. हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जनने १९१२मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. या अँटिबॉडी आल्या म्हणजे गोळी लागलीच असं नाही, निरोगी लोकांतही दहाएक टक्क्यांत मिळतात. त्या पुढची वाट सांगतात. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम इथल्या २० वर्षांच्या पाहणीत, टीएसएच वाढलेला आणि अँटिबॉडीही असलेल्या बायकांपैकी वर्षाला सुमारे ४.३ टक्के उघड कमतरतेकडे गेल्या. टीएसएच वाढलेला पण अँटिबॉडी नसलेल्यांत हे प्रमाण २.६ टक्के. अँटी-टीपीओ एकदाच करा. ६०० वरून ४०० झाला म्हणून पेढे वाटण्यात अर्थ नाही, त्या आकड्याच्या चढउतारावर उपचार ठरत नाही.

दोनदा टीएसएच १०च्या वर आला तर बहुतेक डॉक्टर गोळी सुरू करतात. ४.५ ते १०च्या मध्ये असेल तर लक्षणं, गळ्याला गाठ, कोलेस्टेरॉल, अँटी-टीपीओ, मूल हवंय का आणि वय, हे सगळं पाहून ठरतं. गोळी नको ठरलं तरी वर्षातून एकदा टीएसएच करायचा.

वयाचं जरा ठासून सांगतो. सत्तरीनंतर टीएसएच नैसर्गिकपणे वर सरकतो, त्या वयात ६-७ हा आकडा आजार नसूही शकतो. २०१७च्या ट्रस्ट या चाचणीत ६५च्या पुढच्या सबक्लिनिकल रुग्णांना गोळी देऊन थकवा किंवा कमी थायरॉईडची लक्षणं काही कमी झाली नाहीत. आजीआजोबांना ५.८ वर गोळी लावून छातीत धडधड आणि हाडं ठिसूळ करणं हा उलटा सौदा आहे.

गोदाकाठ

पण अनेक डॉक्टर २.५च्या वर गेलं की औषध देतात. ते चूक कसं म्हणायचं?

लॅबबेंच

गोदाकाठ, २.५ हा आकडा गरोदरपणातला आहे. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०११च्या मार्गदर्शनात पहिल्या तिमाहीसाठी तो होता. २०१७मध्ये त्यांनीच बदलला: स्थानिक रेंज असेल तर ती, नसेल तर वरची मर्यादा साधारण ४.०. आपल्याकडे अजून बरेच स्त्रीरोगतज्ज्ञ २.५ धरतात, गरोदर बाईच्या बाबतीत ती सावधगिरी समजू शकते. पण तो आकडा उचलून ४५ वर्षांच्या पुरुषाच्या रिपोर्टवर लावायचा नाही.

ओपीडी_पंचवटी

बरोबर. यात एक भर: वजन जास्त असलेल्यांत टीएसएच किंचित वर असतो आणि वजन उतरलं की खाली येतो. तिथे गोळी देऊन वजन उतरवायला जाणं म्हणजे घोड्यापुढे गाडी.

अंबड_थर्डशिफ्ट

एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांनी सकाळी ७ला सुटल्यावर थेट लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं तर चालेल का? बहुतेक जण तेच करतात, दुसरा वेळच नसतो.

लॅबबेंच

सीमारेषेवरचा निकाल हवा असेल तर नका देऊ. झोप टीएसएचला दाबून ठेवते, रात्रभर जागलं की तो आणखी चढतो. रात्रपाळीहून परतताना ६.२ आणि दिवसपाळीच्या आठवड्यात ४.१, असं एकाच माणसाचं होऊ शकतं. पहिल्या पाळीच्या आठवड्यातला चौथा-पाचवा दिवस निवडा, आदली रात्र नीट झोपून. सुट्टी टाकायची गरज नाही, सातपूर-अंबडकडे सकाळी लवकर घरी येऊन रक्त नेणारे आहेत.

टीएसएच ३०-४० असेल तर मात्र पाळीने काही फरक पडत नाही. तो आजारच आहे.

निफाडची_थंडी

लक्षणांवर कुणी लिहिलं नाही. यादी सगळ्यांना पाठ असते: थकवा, वजन, थंडी वाजणं, केस, बद्धकोष्ठता. पण डिसेंबरात निफाडचा पारा खाली उतरतो तेव्हा थंडी सगळ्यांनाच वाजते, आणि थकवा कुणाला नाही! मग धरायचं काय?

ओपीडी_पंचवटी

धरायचा तो बदल. मे महिन्यात पंखा बंद करायला लावणारा माणूस. पूर्वी नव्हता तो आवाजाचा घोगरेपणा. सकाळी फुगलेला चेहरा आणि पापण्या. अंगावरून जास्त जाणं, पाळी लांबणं. हाताला रात्री मुंग्या. कानाने कमी ऐकू येणं. यातली तीन-चार एकत्र आणि काही महिन्यांत वाढत गेलेली असतील तर टीएसएच करा. एकटा थकवा असेल तर पहिला संशय रक्तातल्या लोहावर घ्या.

तपासताना डॉक्टर नाडी मोजतात (मंद असते), गिळताना गळा बघतात, आणि घोट्याच्या मागच्या नसेवर हातोडी मारून बघतात. पाय झटकन उडतो पण मागे हळूहळू येतो. हे रिफ्लेक्सचं मंद परतणं उघड कमतरतेत छान दिसतं. दोन मिनिटांचं काम, फुकट, आणि हल्ली फारसं कुणी करत नाही.

थायरॉईडसोबत हे करून घ्या: हिमोग्लोबिन आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, साखर, लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे). उलटही खरं आहे. कोलेस्टेरॉल अचानक वाढलं, सोडियम कमी आलं, सीपीके (स्नायूंमधलं एन्झाइम) विनाकारण वाढलं, प्रोलॅक्टिन वाढलं, तर त्यांच्यामागे टीएसएच बघायचा. कोलेस्टेरॉलची गोळी लावण्याआधी टीएसएच करावा. कमतरता भरली की बरंचसं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आपोआप उतरतं. शिवाय कमतरता असताना स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) दिलं तर स्नायू दुखण्याचा त्रास वाढतो.

घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाही डोक्यात ठेवा.

फार्मसीवाली

मिठाबद्दल दोन ओळी, कारण हा प्रश्न येणारच. साध्या पुड्यातल्या मिठात आयोडीन घालणं बंधनकारक आहे, घरापर्यंत पोचताना किमान १५ पीपीएम उरलं पाहिजे. सैंधव आणि काळ्या मिठात ते नसतं. उपवासापुरतं सैंधव ठीक, वर्षभर घरात फक्त तेच वापरू नका. पण याचा उलटा अर्थ काढून समुद्री शेवाळाच्या, म्हणजे केल्पच्या गोळ्या घेऊ नका. हाशिमोटोच्या ग्रंथीला जास्तीचं आयोडीन आणखी मंद करतं. लघवीतलं आयोडीन मोजणं हे गावाचं, वस्तीचं प्रमाण बघायला आहे. एका माणसाचं निदान त्यावर होत नाही.

सिन्नरकर

सोनोग्राफी लिहून दिलेली असते बऱ्याच जणांना. करावी?

ओपीडी_पंचवटी

गळ्यात गाठ हाताला लागत असेल किंवा गळा एका बाजूला फुगलेला दिसत असेल तर करावी. नुसता टीएसएच वाढलाय म्हणून नको. सोनोग्राफीत ४-५ मिलिमीटरच्या निरुपद्रवी गाठी इतक्या लोकांत सापडतात की मूळ प्रश्न राहतो बाजूला आणि घरात कॅन्सरची भीती शिरते. थायरॉईड स्कॅनचंही तेच, प्रौढांच्या मंद थायरॉईडमध्ये त्याची गरज नाही.

आता तो राहिलेला रिपोर्ट. टी४ कमी आणि टीएसएच नॉर्मल, किंवा कमी, कधी किंचित जास्तही. म्हणजे ग्रंथी मंद आहे आणि पिट्युटरी हाकच मारत नाहीये. दोष वर आहे. फक्त टीएसएचवर चालणाऱ्या स्वस्त पॅकेजमध्ये हा रुग्ण सहसा सापडत नाही, म्हणून पहिल्या तपासणीत फ्री टी४चा आग्रह. संशय कुणावर घ्यायचा? बाळंतपणात खूप रक्तस्राव झालेला, त्यानंतर दूध उतरलं नाही आणि पाळी परत आलीच नाही, अशी बाई. याला शीहान सिंड्रोम म्हणतात आणि निदान व्हायला कधी कधी १०-१५ वर्षं जातात. डोक्याला मार, डोक्यावर रेडिएशन, पिट्युटरीची गाठ, सतत डोकेदुखी आणि बाजूचं कमी दिसणं, हेही.

अशा वेळी थायरॉईडची गोळी आधी सुरू करायची नाही. सकाळी ८ला कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) बघायचं. ते कमी असताना थायरॉक्सिन दिलं तर अ‍ॅड्रिनल क्रायसिस येऊ शकतो, म्हणजे रक्तदाब कोसळून जिवावर बेततं. आधी स्टेरॉइड भरून मग थायरॉक्सिन, हा क्रम ठरलेला आहे. हा रिपोर्ट थेट एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञाकडे, न्यायचा.

लॅबबेंच

याच्या उलट टोकाचं एक. टीएसएच ६०, फ्री टी४ मस्त मध्यावर, माणूस ठणठणीत. आकडा आणि माणूस जुळत नाहीत. रक्तातल्या काही अँटिबॉडी किटला चकवतात, किंवा टीएसएच स्वतःच अँटिबॉडीला चिकटून मोठा रेणू होतो, ज्याला मॅक्रो-टीएसएच म्हणतात. काम करत नाही पण मोजला जातो. लॅबला सांगा, दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर नमुना लावा, गरज पडल्यास पीईजी (असे मोठे रेणू खाली बसवणारं रसायन) टाकून पुन्हा मोजा. दुसरी लॅब म्हणजे दुसरं मशीन असेलच असं नाही, रिपोर्टच्या तळाशी पद्धत आणि मशीन छापलेलं असतं, ते वाचून ठरवा.

बालरोग_नाशिकरोड

बाळांबद्दल लिहितो, कारण इथे उशीर परवडत नाही. जन्मतः थायरॉईड कमी असेल आणि उपचार लांबले तर बुद्धीवर कायमचा परिणाम होतो. आणि बाळ पहिले काही आठवडे अगदी नॉर्मल दिसतं. म्हणून प्रत्येक बाळाची तपासणी, लक्षणांची वाट न बघता.

नाळेतलं रक्त जन्मतःच, किंवा टाचेचं रक्त ४८ ते ७२ तासांत. पहिल्या २४ तासांत टाचेतून घेऊ नका, जन्मल्याबरोबर टीएसएच नैसर्गिकपणे खूप उसळतो आणि खोटी धावपळ होते. टीएसएच २०च्या वर आला तर शिरेतलं रक्त घेऊन टीएसएच, फ्री टी४ लगेच पुन्हा. निदान पक्कं झालं तर वयाच्या २ आठवड्यांच्या आत गोळी, १० ते १५ मायक्रोग्राम प्रति किलो. गोळी चमच्यात चुरून आईच्या दुधात किंवा पाण्यात द्यायची, पूर्ण बाटलीत घालायची नाही. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या थेंबांसोबत नाही.

डिस्चार्जच्या वेळी कागदावर "टीएसएच" हा शब्द शोधा. नसेल तर विचारा.

फार्मसीवाली

गरोदर बायकांचंही लिहून टाकते. गोळी आधीपासून चालू असेल आणि पाळी चुकून टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर पहिल्या व्हिजिटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. गरज २५-३० टक्के वाढते. सोपा हिशोब, आठवड्याला ७ऐवजी ९ गोळ्या, म्हणजे दोन दिवस दोन-दोन. मग गरोदरपणाचे निम्मे दिवस भरेपर्यंत दर ४ आठवड्यांनी टीएसएच, आणि ३०व्या आठवड्याच्या आसपास एकदा. बाळंतपणानंतर पूर्वीचा डोस, ६ आठवड्यांनी तपासणी.

बाळंतपणानंतरच्या वर्षात एक वेगळाच प्रकार दिसतो: आधी काही आठवडे थायरॉईड जास्त, मग साधारण ४ ते ८ महिन्यांच्या दरम्यान कमी, आणि बहुतेकींत वर्षाअखेर आपोआप ठीक. या बाईला "आता जन्मभर गोळी" असं लगेच सांगून मोकळं होऊ नये.

गोदाकाठ

मग कितीतरी जणांना वर्षानुवर्षं गोळी चालू आहे आणि निदान पक्कं होतं की नाही हेच माहीत नाही. ते कसं तपासायचं?

ओपीडी_पंचवटी

गोदाकाठ, याचं उत्तर जुन्या फायलीत असतं. गोळी सुरू होण्याआधीचा रिपोर्ट शोधा. त्यात टीएसएच १०च्या वर, किंवा फ्री टी४ कमी, किंवा टीएसएच वाढलेला आणि सोबत अँटी-टीपीओही पॉझिटिव्ह असेल तर विषय संपला. एकच आकडा ५.६, आजारपणात केलेला, डोस २५, असं असेल तर डॉक्टरांशी बोलून गोळी थांबवून ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी४ करता येतं. थायरॉक्सिन शरीरातून निम्मं व्हायलाच ७ दिवस लागतात, म्हणून आठवड्याभरात केलेल्या तपासणीला अर्थ नाही. गरोदर, मूल हवं असलेल्या, हृदयविकाराचे, आणि ग्रंथी काढलेल्या किंवा रेडिओआयोडीन घेतलेल्या लोकांनी हा प्रयोग करायचा नाही.

डोस बदलल्यावरही तेच: ६ ते ८ आठवडे. चार आठवड्यांत टीएसएच बघून डोस वर-खाली केला की रुग्ण झोक्यावर बसतो.

उघड कमतरतेत पूर्ण डोस साधारण १.६ मायक्रोग्राम प्रति किलो, ६० किलोला १०० च्या जवळ. वयस्कर किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना १२.५ ते २५ पासून.

फार्मसीवाली

आणि गोळी घेऊनही टीएसएच खाली येत नसेल तर आधी डोस वाढवू नका, आधी सकाळ तपासा. साध्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी. रविवारी सकाळी गोळी गिळली आणि दहाव्या मिनिटाला मिसळ समोर, हे नाशिकचं ठरलेलं. कॅल्शियम, लोह आणि अँटासिड ४ तास लांब. सकाळी जमतच नसेल तर रात्री झोपताना, जेवणानंतर ३ तासांनी. तेही चालतं, फक्त रोज एकच पद्धत. गोळी मूळ पॅकमध्येच ठेवा, उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत किंवा गॅसच्या ओट्यावर नाही. तपासणीच्या आदल्या आठवड्यात राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊन रिपोर्ट सजवायचा नाही. फ्री टी४ वर आणि टीएसएचही वर असा विचित्र रिपोर्ट आला की लॅबवाल्याला ते कळतंच.

सिन्नरकर

शहरात दाखवायचं कुठे? तालुक्याहून येणाऱ्याला एका फेरीत काम व्हायला हवं.

निफाडची_थंडी

साध्या कमतरतेसाठी एम.डी. मेडिसिन डॉक्टर पुरतात. एंडोक्रायनॉलॉजिस्ट हवेत ते टी४ कमी-टीएसएच नॉर्मल, गरोदर, लहान मूल, अ‍ॅमिओडॅरोन, किंवा डोस नीट घेऊनही आकडा न जुळणाऱ्यांना. सरकारीत जायचं तर त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, महापालिकेचं कथड्याचं झाकीर हुसेन किंवा नाशिकरोडचं बिटको. सकाळी लवकर पोचून केसपेपर काढा आणि मेडिसिन ओपीडी म्हणा. एका फेरीत काम हवं तर उपाशीपोटी या आणि त्या दिवसाची गोळी खिशात ठेवा, रक्त दिल्यावर घ्यायला. सोबत जुने सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून आणि चालू औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप, टॉनिक-पावडरींसकट.

घरातलं वयस्कर माणूस कमी थायरॉईडचं असेल, गोळी सुटलेली असेल आणि थंडीत ते सुस्त, गोंधळलेलं, अंगाला गार लागत असेल तर लॅबच्या नादी लागू नका. थेट इमर्जन्सी.

लॅबबेंच

लॅब निवडताना एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) शिक्का बघा. पण शिक्का काही ठराविक तपासण्यांपुरता असतो, त्या यादीत टीएसएच आणि फ्री टी४ आहेत का ते विचारा. मोजण्याची पद्धत सीएलआयए किंवा ईसीएलआयए असावी, ही नावं रिपोर्टवर छापलेली असतात. कलेक्शन सेंटरवर पिवळ्या किंवा लाल झाकणाच्या नळीत रक्त घेतात, अर्धा तास गोठू देऊन फिरवतात. टीएसएच तसा दणकट आहे, सिन्नर-ओझरहून थंड डब्यात आलेला सीरम बिघडत नाही. बिघडतो तो न फिरवलेला, उन्हात स्कूटरवर हिंडलेला नमुना. रिपोर्टवर "हिमोलाइज्ड" (नमुन्यातल्या लाल पेशी फुटलेल्या) लिहिलेलं असेल तर पुन्हा द्या.

मखमलाबादकर

शेवटचं एक. एका लॅबचा फ्री टी४ १.१ आणि दुसरीचा १४.२. दोन्ही नॉर्मल म्हणतात. हे कसं?

लॅबबेंच

एकक वेगळं. पहिलं नॅनोग्राम प्रति डेसिलिटर, दुसरं पिकोमोल प्रति लिटर. पहिल्याला १२.८७ने गुणा, १.१चे १४.२ होतात. टीएसएचमध्ये ही भानगड नाही. मायक्रो-आययू प्रति मिली म्हणा की मिली-आययू प्रति लिटर, आकडा तोच राहतो.